टाकीचा घाम

गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, बाई आहे म्हटल्यावर लोक आधी माझ्या मागे बघतात. मागे नवरा असेल, भाऊ असेल, गेला बाजार दीर तरी असेलच, अशी त्यांची खात्री असते. नवरा आहे मला, पण तो धाराशिवला शाळेत भूगोल शिकवतो आणि डिझेलच्या वासाने त्याचं डोकं उठतं. आयटीआय मी केलं, वडिलांच्या हाताखाली पंपांची कामं मी शिकले आणि त्यांचे गुडघे गेल्यावर परवानाही माझ्याच नावावर झाला. सरकारी पंपांची देखभाल आणि दुरुस्ती हा आमचा धंदा. सरकारी पंप म्हणजे रस्त्यावरचे नव्हेत. एखाद्या नगरपालिकेच्या आवारात कोपऱ्यात एकच मशीन उभं असतं, खाली जमिनीत टाकी पुरलेली असते आणि तिथे फक्त त्यांच्याच गाड्या डिझेल भरतात. दरवर्षी निविदा निघते आणि काम बहुतेक वेळा मलाच मिळतं, कारण भर उन्हाळ्यात भूमच्या पुढे गाडी हाकत जायची हौस दुसऱ्या कुणाला नाही.

ज्या पंपाबद्दल लिहिते आहे तो भूमच्या बाजूलाच एका छोट्या गावात होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण यातली माणसं अजून तिथेच राहतात. बाजारतळाच्या मागे पालिकेचं आवार, त्यात पाण्याचे टँकर, कचऱ्याच्या गाड्या, अग्निशमनचा बंब आणि गंजून गेलेला एक जुना रोलर. एका कडेला पत्र्याची केबिन, तिच्यापुढे पंपाचं मशीन आणि मशीनच्या मागे सिमेंटचा चौथरा. टाकी त्या चौथऱ्याखाली होती. चौथऱ्याच्या टोकाला कंपाउंडच्या भिंतीला टेकून लोखंडी पाईप उभा होता, माणसापेक्षा बराच उंच. त्याला आम्ही व्हेंट म्हणतो. टाकीतून डिझेल काढलं की तेवढी हवा त्यातून आत जाते, टाकी भरली की बाहेर येते. टाकीचं नाकच म्हणा.

हे सगळं मला पाठ आहे. तरी त्या आवारात शिरलं की माझी मान आखडायची. तिथलं एक कुत्रं उन्हात तडफडलं असतं, पण चौथऱ्यावर शेजारच्या कडुलिंबाची सावली पडलेली असताना त्या सावलीत बसायचं नाही. चौथऱ्याच्या कडेकडेने जायचं. चौथरा पायाला गार लागायचा. आजूबाजूची जमीन चपलेतून भाजत असायची आणि हा गार. लिंबामुळे असेल, असं मी म्हणायचे आणि काम उरकून लवकर निघायचे.

पंपावर बसणाऱ्या माणसाला मी मामा म्हणायचे. साठीकडे झुकलेला, रोडका, बोलणं मोजकं. अर्धं आयुष्य रोजंदारीवर काढलेला. कायम करायच्या माणसांची यादी पालिकेत दर निवडणुकीआधी निघायची आणि निवडणूक झाली की विरायची. यंदा मात्र यादी खरंच वर गेली होती आणि तिच्यात मामांचं नाव होतं. कायम झाले असते तर म्हातारपणाला पेन्शनची काठी मिळाली असती. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. मामांनी हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी विचारलं म्हणून.

मामांचा एक नेम होता. अमावस्येला दुपारी पंप बंद. बारा वाजायच्या सुमारास ते मशीनला कुलूप लावून निघून जायचे आणि उन्हं कलल्यावर परत यायचे. ड्रायव्हर लोकही त्या वेळी आवारात थांबत नसत. मी एकदा त्यांना झापलं होतं, की सरकारी पंपाला कसली आलीय अमावस्या, इथे काय वेताळाची गाडी येते का डिझेल भरायला. मामांनी मशीनचं कुलूप ओढून बघितलं. नंतर हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. तेवढं एक ऱ्हाऊ द्या."

दुसरी गोष्ट होती टाकीतल्या पाण्याची. डिझेलच्या टाकीत पाणी शिरलं आहे का, हे बघायची आमची साधी रीत आहे. पितळेच्या लांब काठीच्या टोकाला एक पेस्ट लावायची आणि चौथऱ्यावरच्या मोजमापाच्या, म्हणजे डिपच्या, भोकातून काठी तळापर्यंत सोडायची. तळाशी पाणी असेल तर जिथवर पाणी, तिथवर पेस्ट लाल होते. पाणी जड, म्हणून ते डिझेलच्या खाली जाऊन बसतं. या टाकीत ते दरवेळी थोडंसं निघायचं. मी ते उपसून टाकायचे आणि टाकीला घाम येतो, असं मामांना समजावून सांगायचे. गार लोखंडावर हवेतलं बाष्प जमतं, त्याचे थेंब होतात, थेंब खाली गळतात. मामा म्हणायचे, व्हय, घाम येत असंल. डिझेल खेचणारा पाईप तळापासून थोडा वर ठेवलेला असतो, त्यामुळे एवढ्या तेवढ्या पाण्याने गाड्यांना काही होत नव्हतं. जिल्ह्यातल्या बाकीच्या टाक्यांना इतका घाम का येत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण हाताखाली कामं इतकी असतात, की लागू पडलेल्या उत्तराला कुणी पुन्हा हात लावत नाही.

त्या वर्षी उन्हाळा फार वाईट होता. एके दुपारी गावाजवळच्या वस्तीवर कडब्याच्या गंजीला आग लागली. बंब डिझेल भरून निघाला आणि फाटकातच आचके देऊन बंद पडला. गंजी जळाली, शेजारचा गोठा थोडा जळाला, जनावरं लोकांनी दाव्यातून सोडवली म्हणून वाचली. मेकॅनिकने बंबाचा फिल्टर उघडला तर आत पाणीच पाणी. मग दोन टँकरही तसेच बंद पडले. गावात एकच चर्चा, की पंपावरचा म्हातारा डिझेल विकतो आणि टाकीत पाणी ओततो.

तिथले अभियंता नवीन आणि तरुण होते, बदली कधी होते याची वाट बघणारे. त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या हिशेबात दोनच शक्यता होत्या. एक तर टाकी गळकी आहे आणि बाहेरचं पाणी आत येतंय, नाहीतर माणूस चोर आहे. टाकी तपासा आणि दोन महिन्यांनी पालिकेची बैठक आहे त्याआधी अहवाल द्या, म्हणाले. टाकी ठणठणीत निघाली तर मामांचं नाव यादीतून काढायचं आणि पोलिसात द्यायचं, हे ठरलेलंच होतं. मामा दाराबाहेर उभे होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

मी टाकी रिकामी करून घेतली, पाणी उपसलं, सगळी तोंडं बंद केली आणि आत थोडी हवा भरून काटा बघत बसले. टाकीला सुईएवढं भोक असतं तरी काटा उतरला असता. काटा जागचा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हणत होते, की बाबा, गळू दे. मामा लिंबाखाली उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते. टाकी धड आहे, हे मी त्यांना सांगितलं, म्हणजे काय ते त्यांना कळलंच. त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर भीती नव्हती आणि तेच मला कळेना. उलट कुणीतरी वाचलं म्हणून सुटल्यासारखे दिसत होते.

जाण्याआधी मी सहज डिपच्या भोकाचं झाकण काढून आत डोकावले. दिसत काही नाही, काळोख असतो. टाकी रिकामी होती. मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि आतून आवाज आला. गोष्ट ऐकता ऐकता लहान मूल हूं म्हणतं, तसा. मी परत बोलले. परत तो हूं. रिकाम्या टाकीत आवाज फिरतो, ही काही नवलाची गोष्ट नाही, शंभर टाक्यांत मी तो ऐकला आहे. पण बाकीच्या टाक्यांत माझाच आवाज परत येतो. इथे मी बोलायची थांबले की जरा वेळाने तो यायचा, आधी सगळं ऐकून घेतल्यासारखा. मी झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसले. हात डिझेलने माखलेले होते, ते पुसायचंही सुचलं नाही.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा गेले. टाकीत डिझेल भरलं होतं, काठी सोडली, पेस्ट कोरडी. त्यानंतरच्या आठवड्यात गेले तर काठी दोन बोटं लाल. माझं डोकंच फिरलं. वर आभाळात ढगाचा ठिपका नाही, विहिरींचे तळ दिसताहेत, गावाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि या टाकीत मात्र पाणी पाझरतंय. केबिनच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मामा बाहेर गेलेले होते म्हणून मी निवांत त्याच्याकडे बघत बसले आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्या दोन खेपांच्या मधे अमावस्या होऊन गेली होती.

पुढची अमावस्या बैठकीच्या आधी येत होती. त्या दिवशी मी कुणालाच न कळवता गेले. गाडी बाजारतळावर उभी केली आणि अकराच्या सुमारास रोलरच्या आडोशाला जाऊन बसले. पदर डोक्यावर, पाण्याची बाटली मांडीवर. चोर पकडायला आले होते मी आणि तो चोर मामाच निघू नये, असं मनात म्हणत होते.

ड्रायव्हर एकेक करून निघून गेले. मामा चौथऱ्यावर आले, डिपच्या भोकाच्या झाकणाचं कुलूप काढलं, झाकण उचलून बाजूला ठेवलं, आणि हात जोडून मागे न बघता फाटकातून निघून गेले. काही ओतलं नाही, काही काढलं नाही. नुसतं उघडं ठेवलं. आवारात कुणीही उरलं नाही. ऊन इतकं होतं, की पत्र्याच्या केबिनवरची हवा हलताना दिसत होती. कुत्रं फाटकाजवळ उठून उभं राहिलं, चौथऱ्याकडे बघत राहिलं आणि शेपूट घालून बाहेर गेलं. कावळ्याचासुद्धा आवाज नव्हता. मग मला बोलणं ऐकू आलं.

कुणीतरी अगदी हलक्या आवाजात बोलत होतं. माणूस दिसत नव्हतं. आवाज जमिनीलगत होता, चौथऱ्याच्या बाजूने येत होता, आणि मधे मधे थांबत होता. आणि तो थांबला की टाकीतून तो हूं येत होता. पळून जावं असं मला वाटलं, हे लिहायला लाज वाटत नाही. पळाले नाही, रोलरचं गंजकं चाक धरून कान दिला.

शब्द कळायला लागले तेव्हा भीती थोडी उतरली. कुणाची तरी म्हैस व्याली होती. कुणाच्या तरी पोरीचं लग्न ठरलं होतं. तेर गावाला कुणी पाहुणा गेला होता तो अजून परत आला नव्हता. घरच्या माणसाला सांगाव्यात तशा गोष्टी. मग पाण्याची धार पडल्याचा आवाज आला, खोल, लांबवर घुमत गेलेला.

"पी रे बाबा. गार हाय. रांजनातलं हाय."

मी उठून पुढे गेले. मशीनच्या मागे, माझ्या जागेवरून दिसणार नाही अशा बेताने, एक म्हातारी चौथऱ्यावर बसली होती. गुडघ्याशी घागर. तोंड डिपच्या भोकाला लावलेलं. कंपाउंडच्या भिंतीला लिंबामागे खिंडार होतं, त्यातून ती आली असावी. माझी सावली अंगावर पडली तशी तिने वर पाहिलं. दचकली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू होते, कोण आहे ते तिला नीट दिसत नव्हतं. मी सांगितलं, की मी या टाकीची दुरुस्ती करणारी बाई आहे, धाराशिवहून येते. हे ऐकून तिने माझा हात धरला. तिचा हात ओला आणि गार होता.

"मग तुला ठावं असंल, माय," ती म्हणाली. "खरं सांग. पोचतं का गं त्याला? का ह्ये तेल मदी आडवं येतंय?"

मला काहीच कळलं नाही आणि तरीही सगळं कळलं. ओरडायचं म्हणून आले होते. इतक्या वर्षांचा घाम, बंब, जळालेला गोठा, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण तिने प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. मी गाडीतून काठी आणली, पेस्ट लावली, भोकातून सोडली आणि वर काढून तिच्या हातात दिली. लाल झालेला भाग तिच्या बोटांनी तिला दाखवला. तेल वर राहतं मावशी, तिला म्हटलं. पाणी खाली जातं. अगदी तळाला जातं.

तिने काठीचं ते टोक कपाळाला लावलं. मग रिकामी घागर काखेला मारून ती खिंडारातून निघून गेली.

मामा परत आले तेव्हा मी चौथऱ्यावरच बसले होते, त्या गार सिमेंटवर. माझ्या हातातली काठी बघून ते खाली बसले. नंतर ते स्वतःहून बोलायला लागले. माझ्या आणि माझ्या वडिलांच्याही आधी या पंपाचं काम दुसऱ्या एका गुत्तेदाराकडे होतं. टाकी आतून साफ करायची होती आणि म्हातारीचा एकुलता एक मुलगा रोजाने आला होता. मॅनहोलमधून उतरला. नाकाला फडकं, कमरेला दोर, बस्स. टाकीत डिझेल नसलं तरी वाफ असते आणि हवा नसते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मामांनाही माहीत नव्हतं. नंतर कागदावर आलं, की ऊन लागून मेला. गावाने ते मानून घेतलं, कारण ऊन खरंच होतं.

"दोर माझ्या हातात व्हता, ताई," मामा म्हणाले. "खालनं म्हनला, मामा, गरगरतंय, पानी द्या. म्या पान्याला पळालो. दोर वढायचा सोडून पान्याला पळालो. तांब्या घिऊन आलो तवर आवाज बंद झाला व्हता."

आपल्या भागात कुणी पाणी मागितलं की माणूस आधी पाण्याला धावतो. बाकी सगळं नंतर. आपल्या हातापायांत ते लहानपणापासून भिनलेलं असतं. मामांनी दुसरं काही केलंच नसतं, हे मला माहीत आहे. त्यांना मात्र ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून उपयोग नव्हता.

तो तांब्या तसाच भरलेला राहिला होता. तेराव्यानंतरच्या अमावस्येला म्हातारी तोच तांब्या घेऊन आली आणि कुठून ओतू म्हणून विचारलं. मामांनी झाकण उघडून दिलं. तेव्हापासून दर अमावस्येला तांब्याभर. यंदा उन्हाळा असा पेटला, की तिला मुलगा रोज स्वप्नात दिसायला लागला आणि ती तांब्याऐवजी घागरीने आणायला लागली. पाणी खेचपाइपाच्या वर चढलं ते असं.

तुम्ही साहेबांना सांगत का नाही, मी विचारलं. नोकरी जाईल, पोलीस नेतील, घरी बायको आहे. मामा म्हणाले, सांगितलं तर झाकण बंद होईल. आणि म्हातारीला चौकीत बसवतील ते वेगळंच. मी चिडले. असल्या मुक्या माणसांचा मला राग येतो, त्यांच्या वाटणीचं बोलणं दुसऱ्याला करावं लागतं. पण त्या दिवशीचा राग त्यांच्यावर नव्हता.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी अभियंत्यांपुढे जाऊन बसले. गळती का चोरी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, टाकीची मुदत कधीच संपली आहे, हे मी दरवर्षी कळवत आले आहे. झाकणं, वॉशर, पाईप सगळं जुनं, वरून पाणी जाऊ शकतं. ही टाकी कायमची बंद करा. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्यांचं समाधान होईना. टाकी गळत नाही ना, मग माणसाला सोडायचं कसं, फौजदारी चौकशी तर लागणारच, असं ते म्हणायला लागले. कुणावर तरी ढकलल्याशिवाय त्यांचं काम संपत नव्हतं. तेव्हा मी त्यांना विचारलं.

"चौकशी लागणार असेल तर साहेब, या टाकीत आधी कोण उतरलं होतं आणि वर कसं आलं, तेही लिहून देऊ का?"

ते त्या वेळी शाळेत असतील. पण कचेरीत कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं असणार, कारण ते माझ्याकडे न बघता आधी दाराकडे बघायला लागले. नंतर म्हणाले, "वापरायोग्य नाही, एवढं पुरेसं आहे."

मामांचं नाव यादीत राहिलं. त्यांना टँकरवर पाठवलं. पालिकेने आपला पंपच बंद करून टाकला आणि गाड्या रस्त्यावरच्या पंपावर जायला लागल्या, म्हणजे माझं तिथलं काम मी माझ्याच हाताने बुजवलं. नवरा म्हणाला, धंदा करावा तर तुझ्यासारखा.

जुनी टाकी बंद करायची तर आतली वाफ जावी म्हणून ती वाळूने तरी भरतात नाहीतर काठोकाठ पाण्याने, आणि मग तोंडं सिमेंटने बंद करतात. मी अहवालात पाणी लिहिलं. वाळू का नाही, असं अभियंत्यांनी विचारलं, तर म्हटलं, वाळूचा लिलाव व्हायचाय अजून, तुमची बदली होईल तोवर. ते हसले आणि सही केली. पाणी भरायचं काम मात्र लांबत गेलं. आधी खरंच पाणी नव्हतं. पावसाने जुनी बारव भरली, तरी मामांच्या टँकरचं कधी टायर बसलेलं असायचं, कधी कॉक गळत असायचा. मी फोन केला की म्हणायचे, हुईल ताई, घाई काय हाय. भाद्रपद संपत आला तेव्हा त्यांनीच फोन करून दिवस कळवला. सर्वपित्री अमावस्या होती.

मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. टाकीतलं उरलंसुरलं डिझेल आधीच काढून नेलेलं, मशीन उचललेलं, मॅनहोल उघडं. आवारात मामा, मी आणि म्हातारी, आणखी कुणी नाही. दोन टँकर ओळीने उभे. म्हातारी व्हेंटच्या बुडाशी भिंतीला टेकून बसली होती, नवं लुगडं नेसून. मामांनी जाड पाईप मॅनहोलमधून आत सोडला आणि पहिल्या टँकरचा कॉक उघडला.

आधी नुसता धबधबा. रिकाम्या लोखंडावर पाणी आपटत होतं आणि पायाखालचा चौथरा थरथरत होता. मग पाणी चढलं तसा आवाज बदलला. आतली हवा व्हेंटमधून बाहेर यायला लागली, लांब लांब, थांबून थांबून, आणि प्रत्येक वेळी खालून घोट घेतल्याचा आवाज. गट, गट, गट. मग जरा विसावा. मग परत. मी हे काम बऱ्याच टाक्यांवर केलं आहे आणि तिथेही आवाज येतो. हवा अडकते आणि सुटते, दुसरं काही नसतं. पण तिथे उभी असताना मला यातलं एकही वाक्य स्वतःशी म्हणता आलं नाही. कुणीतरी पीत होतं. दोन्ही हातांनी भांडं धरून, श्वास घ्यायलाही न थांबता.

कुत्रं आत आलं. चौथऱ्यावर चढलं, मॅनहोलपाशी जाऊन वास घेतला आणि लिंबाच्या सावलीत अंग टाकून दिलं.

पहिला टँकर संपला तेव्हा तो आवाज थांबला. आवारात इतकी शांतता झाली, की पाईपमधून गळणारे थेंब ऐकू येत होते. आणि मग टाकीतून तो हूं आला. मागितल्यासारखा. मी मामांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकला होता. त्यांचे हात अजून कॉकवरच होते.

म्हातारीने जमिनीवर हात टेकला. तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं समाधान नव्हतं.

"एवढी तहान व्हती व्हय रे तुला," ती म्हणाली. "आन् म्या आपली इतकी वर्सं तांब्या-तांब्यानं देत बसले."

मामांनी दुसऱ्या टँकरचा पाईप ओढत आणला. मी हात लावायला गेले तर मानेनेच नको म्हणाले. एकट्याने तो जड पाईप मॅनहोलात सोडला, गुडघ्यावर बसले, खाली वाकून काळोखात काहीतरी बोलले. मग जाऊन कॉक उघडला.